नऊशे साठ ग्रॅम

सांगलीच्या हळदपेठेत वडील तोलार होते.
पोतं काट्यावर चढलं की त्यांचा अंगठा
पारड्याच्या कडेला टेकायचा,
सहज, माशी बसावी तसा.
त्या अंगठ्यावर आम्ही तिघं भावंडं शिकलो.
मी वजनमापांचा तंत्रज्ञ झालो. हसू नका.

मुहर्रकला आता तिसरं वर्ष.
सोनारांचे काटे, औषधवाल्यांचे, कोळंबीच्या लिलावाचे.
तपासतो, स्टिकर लावतो, सही करतो.
त्या दिवशी मात्र विमानतळाच्या कुंपणाला लागून
एक क्लब, आत लोखंडी प्लेट्स,
आणि कुलूप उघडणारी बद्रिया,
जिच्या तळहाताला मी आधी दगड समजलो.

विमान उतरताना आकडा थरथरतो.
थांबावं लागतं.
अशा थांबण्यांतून तिनं सांगितलं,
हिंदी-अरबीची मोडतोड करत:

चौदाव्या वर्षी काकाच्या गॅरेजात
गिअरबॉक्स उचलून टेबलावर ठेवला होता.
पैज एका शावर्माची.
मग कोच रिफअत, इजिप्तचा, कायम सर्दी झालेला.
म्हणायचा, दांडी मानी असते,
मिठी मारायची नाही,
अंगाला घासून वर जाऊ द्यायची.
नडग्यांवरची साल वर्षभर वाळली नाही.

आई पोशाख शिवायची.
पंचांना कोपर दिसायला हवं
आणि आजीला दिसायला नको,
एवढ्याशा फटीतून कापड बेतायचं.

देश केवढा? सकाळी निघालं
तर दुपारच्या जेवणाआधी संपतो.
संघ म्हणजे ती, रिफअत आणि एक सूटकेस.
झेंडा तिनंच धरायचा, दुसरं होतं कोण?

ताश्कंदला तिन्ही वेळा लाल दिवे.
शून्य.
शून्य घेऊन परत आली तेव्हा
पासपोर्टवाल्यानं विचारलं, जिंकलीस?
ती म्हणाली, शिक्का मार.

मग कोपर निखळलं. लग्न. मुलगी.
मुलीला कडेवर घेऊन स्क्वॉट.
दोहा, वय एकोणतीस:
स्नॅचला एकोणनव्वद झाले,
तिसऱ्या जागेला नव्वद हवे होते.
नव्वद डोक्यावर गेले,
तिथं क्षणभर विचार करत राहिले,
आणि पाठीमागे पडले.
एक किलो, ती म्हणाली,
आणि साखरेच्या पुड्याएवढं माप बोटांनी दाखवलं.

विमान गेलं. मी लाल प्लेट ठेवली.
पंचवीस किलो, दोनशे ऐंशी ग्रॅम.
दुसरी लाल, तेवढीच.
हिरव्या दोन, दहा दहाच्या:
दोनशे जास्त, दोनशे जास्त.
काटाच बिघडला म्हणून प्रमाणवजन ठेवून पाहिलं.
काटा खरा होता.

नखानं खरवडलं तर रंग.
रंगाखाली रंग.
खाऱ्या हवेनं लोखंड खातं, म्हणून शफीकुल,
क्लबचा जुना रखवालदार,
दर रमजानाआधी एक हात मारायचा,
बरीच वर्षं, अगदी मनापासून.

मी बेरीज केली. पुन्हा केली.
इथं तू जे एकोणनव्वद उचलायचीस ना,
ते एकोणनव्वद नव्हते.
नऊशे साठ ग्रॅम जास्त.
नव्वदला चाळीस ग्रॅम कमी.

ती बाकावर बसली.
दोन विमानं उतरली.
बहुधा तिसरंही.
मग म्हणाली,
शफीकुलला सांगू नकोस, त्याला वाईट वाटेल.

पाच वाजता मुली आल्या.
तेरा-चौदाच्या, दप्तरं भिंतीला लावून.
प्लेट्स घासून काढाव्या लागतील, मी म्हटलं.
काढ, ती म्हणाली. मग थोडं थांबून,
या दोन हिरव्या पुढच्या महिन्यात काढ.

नियमात बसत नाही.
मी रकान्यात लिहिलं, तपासणी अपूर्ण.

रात्री खोलीवर परतलो.
छोटा काटा टेबलावर होता, चालू.
वडिलांसारखा अंगठा कडेला टेकवला,
अगदी हलका, माशी बसावी तसा.

किती भरला ते सांगत नाही.